खाराचं पाणी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे केळीचा खार काढणं. वाळलेले खुंट अंगणात जाळले, राख पाण्यात कालवली आणि मडक्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून त्यावर ओतली.

"ढिलं बांधू नका, राख खाले उतरस," ती म्हणाली. ती पिंपळनेरकडची, शेवटपर्यंत तिकडचंच बोलली.

"पन्नास वर्षं मीच बांधतोय."

"म्हनीसनच सांगस."

एवढंच बोलणं झालं. पाणी थेंबथेंब गळायला लागलं.

एरवी हा खार पापडासाठी. या खेपेला नातीसाठी होता. पोरगी जळगावला बी.एड. करते, हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचं शिकते. दुसऱ्या दिवशी तिचा वार्षिक पाठ होता. परीक्षकासमोर नववीच्या वर्गाला शिकवायचं. तो चुकला तर वर्ष गेलं.

मी चौथीपर्यंत शिकलो, बायको शाळेत गेलीच नाही. पण ते वर्षभर आम्ही दोघं नववीत होतो. दर रविवारी नात गावी यायची, भिंतीवर खडूनं लिहायची, आम्ही ओट्यावर बसून ऐकायचो. मला मागच्या बाकावरचं द्वाड पोरगं केलं होतं. मी शेंगांची फोलपटं फेकायचो. खरं सांगतो, ते काम मला आवडायचं.

पोरीला शिकवता येत नव्हतं. हे मी तिला तोंडावर सांगितलं. शाळेतल्या पहिल्या पाठाला ती पूर्ण तास फळ्याकडे तोंड करून व्याख्या लिहीत राहिली. मागे पोरं गप्पा हाणत होती. पाठाच्या वहीत लाल शाईचे शेरे आले. ते आम्हाला वाचून दाखवले आणि रडली.

बायको म्हणाली, "तू फयासंगे बोलस का पोरेससंगे?"

"आजी, धडा संपवायचा असतो."

"मंग संपाड आनि घर ये."

मग उठली. नातीच्या तळव्यावर हळद चोळली, पापडाच्या बरणीतून खाराचा एक थेंब टाकला. हळद लालभडक झाली.

नात लगेच सुरू झाली, "खार म्हणजे आम्लारी, म्हणून..."

"गप. मी तुले इचारं का?" बायको माझ्याकडे वळली. "ओ मागला बाक, हाई कसं व्हयनं?"

मी म्हणालो, चुना असेल. "नही शे." सोडा असेल. "नही शे." मला राग आला. उठलो, लिंबू कापून त्या लालावर पिळलं. परत पिवळं. आता हे काय झालं? एरवी फोलपटं फेकणारा मी, भिंग लावून पोरीचा हात बघत बसलो. पोरगी काही सांगेना. आजीनं तिला डोळ्यांनीच दाबून धरलं होतं.

तेव्हापासून तिचं शिकवणं बदललं. आधी दाखवायची, मग गप्प उभी राहायची. गप्प राहणं तिला फार जड जायचं. मनात दहा आकडे मोजायची, ओठ हलायचे, मी चिडवायचो. पण शेरे कमी झाले. वार्षिक पाठाला तिला कॉलेजातल्या बाटल्या नको होत्या, आजीच्या हातचा खार हवा होता. म्हणून तो काढला, आणि तो न्यायला ती गावी आली होती.

त्याच दुपारी चहा पिऊन बायको भिंतीशी आडवी झाली, ती उठली नाही. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. भाऊबंद म्हणाले, दहा दिवस सुतक, पोरीनं बाहेर पडायचं नाही. नातीनं वही पिशवीत घातली. "आबा, पुढच्या वर्षी देईन," म्हणाली.

सकाळी उठून मडक्यापाशी गेलो. फडकं कोरडं पडलं होतं. खाली पाणी जमलं होतं, कोऱ्या चहासारखं. त्यात राखेचा कण नव्हता. बाटलीत भरलं, बूच लावलं. सुतकात हळदीला हात लावत नाहीत. मी तिचा मसाल्याचा डबा काढला, तळव्याला हळद चोळली आणि एक थेंब टाकला.

तो लाल झालेला हात नातीसमोर धरला आणि गप्प उभा राहिलो. ती बराच वेळ बघत होती. मग उठून तिनं वही काढली.

भाऊबंद ओट्यावर बसले होते. त्यांच्यासमोरून चालत जाऊन तिला खाराची बाटली देऊन जळगावच्या गाडीत बसवून आलो.