खालच्या मजल्यावरचे आजोबा

जर्मनीत, डार्मश्टाटला आमच्या खालच्या मजल्यावर नव्वदीला टेकलेले एक गृहस्थ एकटेच राहायचे. पूर्वी पूर्व जर्मनीत शिक्षण खात्यात होतो, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मी आपली त्यांना मास्तर करून मोकळी झाले. आमच्या चार वर्षांच्या लेकीचे दोन्ही आजोबा पुण्यात, फोनच्या पडद्यावर. म्हणून ती यांनाच ओपा म्हणायची. मला ऑफिसात उशीर झाला की त्यांच्या मांडीवर बसून सफरचंदाच्या फोडी खात असायची.

त्यांची मुलगी फ्रांकफुर्टला, ट्रेनने जेमतेम अर्धा तास. पण कधी फिरकायची नाही. मला तिचा भारी राग यायचा. जन्मदात्या बापाशी असलं कसलं वैर? आमच्या घरात दिवाळीला रुसलेल्या काकालाही ओढून आणतात. आजोबांच्या फ्रिजवर चिकटवलेला तिचा नंबर मी कुणाला न विचारता उतरवून घेतला आणि त्या दोघांनाही आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला बोलावलं. आश्चर्य म्हणजे ती आली. साठीची, थकलेली बाई.

दारातच थबकली. आजोबा सोफ्यावर, मांडीवर आमची लेक, तिच्या तोंडाला चकलीचा चुरा.

"तुम्ही यांच्याकडे मूल ठेवता?" तिनं मला विचारलं. "हे कोण होते, माहीत आहे?"

मग उभ्या उभ्याच तिनं सांगितलं. आजोबा मास्तर कधीच नव्हते, खात्यातले बडे अधिकारी होते. देश सोडून पळताना पकडलेल्या आईबापांची मुलं काढून घेऊन दुसऱ्यांना द्यायची, तो हुकूम ते काढायचे. तिच्या मैत्रिणीचं तान्हं बाळही तसंच गेलं. मैत्रीण अजून शोधते आहे.

आजोबा चिडतील, खोटं आहे म्हणतील, असं मला वाटलं. अगदी आशेनं मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बरोबर आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण एकेक घर मी स्वतः पारखून निवडलं होतं. सगळी मुलं सुखात वाढली." आणि बोलता बोलता माझ्या लेकीच्या केसांवरून त्यांनी रोजच्याच मायेनं हात फिरवला.

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. या माणसाला मी वडिलांसारखा जीव लावला होता. मी लेकीला त्यांच्या मांडीवरून ओढून उचललं. ती "ओपा, ओपा" करत, त्यांच्याकडे हात पसरून ऊर फुटेस्तोवर रडायला लागली.

आजोबांनी मलाच धीर दिला. "रडू द्या. थोडे दिवस रडतात. मग विसरतात."