चोवीस नंबरचा बिल्ला

लष्करी डेपोतले वजनकाटे तपासायला मी महिन्यातून दोनदा जात असे. फाटकावरचा पहारेकरी मला सहा वर्षं ओळखत होता, तरी पासवरचा फोटो आणि माझा चेहरा दोनदा ताडून बघायचा. "साहेब, वळख फाटकाभाईर. हितं पास." मग पितळी बिल्ला द्यायचा. बाहेर पडताना तो परत घेऊन खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत.

एकाहत्तरच्या लढाईत एकदा त्याच्या आजारी मुलीची चौकशी करत मी बाहेर पडलो. सात रस्त्याच्या चौकात पोचल्यावर खिशात हाताला चोवीस नंबरचा बिल्ला लागला. धावत परतलो, तर फाटक बंद होतं आणि जवान आत चोवीस नंबरच्या माणसाला शोधत होते.

मी हळूच म्हणालो, "खिळ्याखाली पडला होता म्हणा. नाहीतर नोकरी जाईल तुमची."

"जाईल की." त्याने बिल्ल्यासाठी हात पुढे केला. "पन उद्या रिकाम्या खिळ्यावर कोन इस्वास ठेवंल?"

बिल्ला घेऊन तो सुभेदारापुढे उभा राहिला. "चूक माजी, साहेब. बिल्ला न घेता मीच सोडलं ह्यास्नी."

पुढच्या खेपेला फाटकावर नवा माणूस होता. त्याने न बघताच मला आत जायची खूण केली. तो बघेपर्यंत मी पास पुढे धरून उभा राहिलो.