एच-फोर बायकांची गाडी

नव्या गाडीचे किस्से होत नाहीत. ती सकाळी सुरू होते, संध्याकाळी बंद होते, विषय संपला. जुनी गाडी मात्र कुठेही थांबते, आणि थांबली की एक किस्सा पदरात टाकूनच पुढे जाते. अमेरिकेत आल्यावर मॉरिसव्हिलमधल्या पहिल्या तीन वर्षांत माझ्याकडे इतके साठले, की आमच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या पंगतीला, मी पोचले की आधी माझ्या हातात प्लेट येते आणि मग फर्माईश.

ऐकणाऱ्या आणि मी, आम्ही सगळ्या एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधल्या, आणि सगळ्या एच-फोरवर. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेल्या. इथे राहा, स्वयंपाक करा, नोकरी करायची नाही. पुण्यात मी सहा वर्षं एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होते. माझ्या सहीशिवाय इंजिन दाराबाहेर पडत नसे. इथे आले तेव्हा मलाच दाराबाहेर पडायची सोय नव्हती. बस नाही, आणि फुटपाथ आमच्या गेटपाशीच संपायचा.

मग हेमंतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक नऊ वर्षांची हिरवी गाडी माझ्यासाठी घेतली. तिला गाडी म्हणा किंवा माझे पाय म्हणा. ती बंद पडली की मी दुसऱ्या मजल्यावर बंद. त्यामुळे ती बंद पडू द्यायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

* * *

महिन्याभरात ती सिग्नलला थांबली की थंडी भरल्यासारखी थरथरायला लागली. आम्ही तिला एका गॅरेजमध्ये नेलं. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, बंद केलं, आणि इंजेक्टर, कॉइल, सेन्सर अशी बदलायच्या भागांची लांबलचक यादी हेमंतला वाचून दाखवली.

मी विचारलं, "व्हॅक्यूमची नळी कुठे लीक आहे का, ते बघितलंत?"

त्यानं उत्तर हेमंतला दिलं. मी दुसरा प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर हेमंतला. हेमंत बिचारा टेनिसची मॅच बघावी तसा दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. शेवटी तो अगदी नम्रपणे मेकॅनिकला म्हणाला, "सर, मी डेटाबेसमध्ये काम करतो. इंजिनवाली ही आहे. मी इथे फक्त सोबत आलोय."

घरी येऊन मी इंजिन चालू ठेवून कान लावला. एका रबरी नळीला चीर गेली होती, तिथून सूं-सूं आवाज येत होता. बोटभर लांबीची नवी नळी बसवली आणि थरथर थांबली.

* * *

पुढचं संकट म्हणजे इन्स्पेक्शन. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दरवर्षी गाडीचा कॉम्प्युटर तपासतात, आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर सरळ नापास. माझा दिवा लागला होता. पार्ट्सच्या दुकानात फुकटात बिघाडाचा कोड वाचून देतात, तिथे कळलं की पेट्रोलची वाफ गळतेय. टाकीच्या झाकणाचं रबर सुकलं होतं. मी झाकण बदललं.

चार दिवस गाडी चालवली असती तर दिवा आपोआप गेला असता. पण हेमंतला धीर कुठला! मी वर पोळ्या करत होते, तेवढ्यात त्यानं खाली जाऊन बॅटरीची वायर काढली आणि परत लावली. "रीबूट केली," म्हणाला. दिवा गेला.

इन्स्पेक्शनवाल्यानं मशिन जोडलं आणि मान हलवली. कॉम्प्युटरची सगळी स्मरणशक्ती गेलेली. "त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. आठवडाभर हायवेवर एका स्पीडनं चालवा, मग या."

मग आम्ही बायकांनी पाळ्या लावल्या. त्या आठवड्यात आम्ही देवळात तीनदा गेलो आणि कढीपत्ता आणायला दोनदा. देवसुद्धा चक्रावला असेल. त्यात नागपूरची वृषाली होती, जिला हायवेची इतकी भीती की ती दीड वर्ष फक्त उजवीकडे वळून, म्हणजे समोरची रहदारी न ओलांडता, पोचता येईल अशाच दुकानांत जायची. पहिल्या दिवशी ती डोळे मिटून बाजूला बसली. चौथ्या दिवशी तिनं मला बाजूला बसवलं.

गाडी पास झाली. वृषाली मात्र नाराज दिसली. "अगं यार," ती म्हणाली, "तुझा तो दिवा परत कधी लागणार?"

* * *

आमच्या सगळ्यांचे वडीलधारे म्हणजे देवधर काका. सत्तरच्या दशकात आलेले, मोठे इंजिनियर, आता रिटायर्ड. माझी हिरवी गाडी दिसली की त्यांचं एकच पालुपद. "स्क्रॅप कर ती. अमेरिकेत येऊन जुगाड करायचा नसतो. गाडी घ्यावी ती चांगली."

त्यांची स्वतःची 'चांगली' गाडी, वीस वर्षांची जर्मन, गॅरेजमध्ये कव्हर घालून उभी होती. दोन वर्षं ती सुरू झाली नव्हती, पण ते बोलायचं नाही असा घरात नियम होता. काका आठवडाभर मुलाकडे गेल्यावर काकूंचा फोन आला. "ये गं. आणि तुझी ती पान्यांची पिशवी घेऊन ये."

एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलं होतं. काकांच्या जुन्या मोज्यांचं, बऱ्यापैकी ऐसपैस. ते काढलं, नवी बॅटरी बसवली, जुनं पेट्रोल उपसून नवं भरलं. चौथ्या प्रयत्नाला ती खोकली आणि सुरू झाली. काकूंनी मला तिच्यातून घरी सोडलं.

काका परत आले आणि त्यांनी सहज किल्ली फिरवून पाहिली. पुढच्या पॉटलकला ते सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बघ, याला म्हणतात गाडी. दोन वर्षं हात लावला नाही, तरी स्वतःहून सुरू झाली."

काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, कढी घ्या."

* * *

गोष्ट पसरली, तशा सगळ्यांच्या गाड्या माझ्या पार्किंगमध्ये यायला लागल्या. कुणाचे ब्रेक पॅड, कुणाचे प्लग. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. कुणी डबा आणायचं, कुणी लोणचं, वृषाली पोहे.

एका शनिवारी वृषालीचा नवरा व्हिसाचे नियम प्रिंट करून, आणखी तिघा नवऱ्यांना घेऊन आला. चेहरा गंभीर. "वहिनी, कामाच्या बदल्यात काहीही घेतलं तर ते कंपेन्सेशन, म्हणजे मोबदला, होतं. उद्या कुणी विचारलं तर? पोहेसुद्धा प्रॉब्लेम होऊ शकतात."

मला तेव्हा खरंच संताप आला, आजही आठवलं की येतो. सहा वर्षं ज्या बाईच्या सहीवर इंजिनं विकली गेली, तिनं ब्रेक बदलून वाटीभर पोहे खायचे की नाही, यावर चार पुरुष माझ्याच हॉलमध्ये बसून चर्चा करत होते. मी काही बोलणार, तेवढ्यात वृषाली स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"माझ्या हातचे पोहे लग्नापासून खाताय ना? कंपेन्सेशन वाटतं का कधी?"

सभा बरखास्त झाली.

* * *

गाडी दुरुस्त झाल्यावर मला तिला सजवायची हौस आली. गावाबाहेर एक जंकयार्ड होतं. आपले पाने आपण न्यायचे आणि मोडक्या गाड्यांमधून हवं ते आपण काढून आणायचं. माझ्यासाठी ती लक्ष्मी रोडची खरेदीच.

तिथे माझ्याच मॉडेलची, पण श्रीमंत घरातली एक गाडी सापडली. मागून चेपलेली, पुढून शाबूत. तिच्या ड्रायव्हरच्या सीटला लेदर होतं आणि थंडीत गरम होणारी वायरही. चार बोल्ट. मी आणि वृषालीनं ती सीट दोन्हीकडून धरून गेटपर्यंत आणली. गेटवरच्या माणसानं मदत करू का विचारलं, तर वृषाली म्हणाली, "नो थँक यू, आम्ही कुकर अन् साडेतीनशे पुस्तकं घेऊन तीन अपार्टमेंट बदललेत."

घरी बसवली. हेमंतनं गाडीत डोकावून बघितलं. "बाजूची सीट नाही मिळाली?"

"मिळत होती," मी म्हटलं. "पण तिथे तू बसतोस."

* * *

आणि हा शेवटचा.

तिसऱ्या वर्षी एका गुरुवारी हेमंत ऑफिसमधून आला तो बूट न काढताच सोफ्यावर बसला. त्याच्या मॅनेजरची मुलगी कॉलेजला निघाली होती. तिला साधी, नीट राखलेली जुनी गाडी हवी होती. मॅनेजरनं आमची हिरवी पार्किंगमध्ये पाहिली होती. आमच्या ग्रीन कार्डचे कागद याच मॅनेजरच्या टेबलावर होते. हेमंत हो म्हणून आला होता.

"सहा महिन्यांत तुला दुसरी घेऊ," तो म्हणाला.

सहा महिने दुसरा मजला. मी "ठीक आहे" म्हटलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शनिवारी दहाला ते येणार होते. हेमंत आंघोळीला गेल्यावर मी खाली गेले, बॉनेट उघडलं, इंजिनाजवळच्या डबीतला एक फ्यूज काढला आणि पर्समध्ये टाकला. हे वागणं बरोबर नव्हतं. मला अजिबात वाईट वाटलं नाही. वर आले, तर हेमंत म्हणाला, "लोक येणार, सीटवर व्हॅक्यूम तरी मारून येतो," आणि खाली गेला.

मॅनेजर आला, मुलगी आली. तिनं किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन काही धरेना. पाच वेळा फिरवली. मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जुनी गाडी आहे." हेमंतनं मान हलवली. "व्हेरी अनरिलायबल," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की मुलगी लगेच उतरली. मॅनेजरनं हेमंतच्या खांद्यावर थोपटलं आणि ते गेले.

हेमंत चहा टाकायला वर गेला. मी फ्यूज परत बसवला, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला. इंजिन धरेना.

आपल्याच हातानं आपण वाट लावली का? एकेक वायर तपासली, एकेक जोड. काही सापडेना. शेवटी स्टिअरिंगखाली वाकले. तिथे आणखी एक फ्यूजची डबी असते. तिचं झाकण अर्धवट लोंबत होतं, आणि आत एक जागा रिकामी होती.

मी वर गेले. हेमंत चहा गाळत होता.

"झाली सुरू?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"नाही."

"हं," म्हणाला, आणि माझा कप पुढे सरकवला. बशीत दोन बिस्किटं होती आणि एक निळा, पंधरा अँपिअरचा फ्यूज.