गिरणीवरची शांत बाई

आटपाडीत आमच्या गल्लीत गिरण चालवणारी बाई लय भांडखोर होती. दळण उशिरा आणलं की सगळ्यांसमोर झापायची. एका वर्षी ती मंदावली. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसायची. रागावणं मात्र थांबलं. मला बसायला पोतं सरकवून द्यायची. लोक म्हणाले, करणी झाली. सुट्टीवर आलेल्या तिच्या फौजी भावानं तिला सांगलीला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉईड सांगितलं आणि रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली.

काही महिन्यांनी ती पुन्हा कडाडली, "आवं मास्तर, ही काय यायची येळ हाय व्हय?"

मी म्हणालो, "मधे तुम्ही किती शांत झाला होता."

"शांत कुठली? भांडायला अंगात बळच नव्हतं."

मग मला आवडू लागलेली ती मायाळू बाई कोण होती, ते अजून कळत नाही.