उचललेली टाच

लेकीच्या पेन्सिलीला टोक करताना लाकडाचा वास आला आणि मेडशीचं सोयाबीनचं शेत आठवलं.

शेतातलं तण निंदणाऱ्या बाईचा पुतळा घडवण्याआधी मंगरूळपीरचे एक शिल्पकार धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून आईची चित्रं काढत होते. चार रेघांत तिची वाकलेली पाठ जिवंत व्हायची.

आईनं कागद पाहिला. "पाय चुकला, भाऊ. दोनी टाचा टेकवून बाई पुढं कशी सरकन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिल्पकारांनी मात्र पेन्सिल तिच्याच हाती दिली. जन्मात पेन्सिल न धरलेल्या आईनं टाचेपाशी एकच वाकडी रेघ ओढली. त्यांनी आपली रेघ खोडली, तिची ठेवली.

आज पुतळ्याचा चेहरा कुणा दुसरीचाच आहे. टाच मात्र उचललेली आहे.