बाबांची कॅन आणि गोव्याची बोट

देवळीच्या आमच्या शाळेत मधल्या सुटीत चहा आला की कोणी ना कोणी म्हणायचंच, "मास्तर, बोटीचं सांगा ना!" मी एक किस्सा सांगायचो, त्यावरून पीटीच्या वानखेडे मास्तरला दुसरा आठवायचा, दुसऱ्यातून तिसरा निघायचा आणि घंटा वाजायची. इतके किस्से जमले की नवीन हेडमास्तरांना वाटलं, आम्ही दरवर्षी उन्हाळ्यात बोटीनेच फिरतो! गेलो होतो एकदाच. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास, मे महिन्यात, मुंबईहून पणजीला. बोट म्हणजे आरामाची वगैरे नाही हं, सतरंजी टाकून डेकवर झोपायची बोट!

मंडळी पाच. मी, माझे आईबाबा, वानखेडे आणि त्याची आई वच्छलामावशी. पैकी बाबांना हार्ट आणि शुगर, आईचे दोन्ही गुडघे गेलेले आणि मावशीला दमा. धडधाकट असे आम्ही दोघं मास्तर. निदान निघताना तरी होतो.

आता खरं कारण सांगतो. माझी धाकटी बहीण कुसुम. वर्ध्याला कॉलेजात असताना तिनं तिथं बँकेत नोकरीला आलेल्या एका गोव्याच्या मुलाशी लग्न ठरवलं, आणि घरी सांगितलं ते ठरवून झाल्यावर! बाबांचा असा भडका उडाला की विचारू नका. "मासे खाणाऱ्याच्या घरी? तिच्या घरच्या पाण्याचा थेंबबी घेणार नाई मी!" त्याला सहा वर्षं झाली. कुसुमला मुलगी झाली, ती चालायला लागली, बोलायला लागली, पण बाबांनी नातीचा फोटोसुद्धा हातात घेतला नाही. त्यात दिवाळीत त्यांना झटका येऊन गेला. आईनं मला बाजूला घेतलं. "सुधाकर, नातीचं तोंड न पाह्यता या मानसानं डोळे मिटले, तर मी काय करू रे?"

आईनंच मग बूट काढला. "माझं माहेर समुद्रपूर, अन् साठ वर्षांत समुद्र नाई पाह्यला. मले बोटीत बसायचं हाय!"

बाबांना सगळं कळत होतं. पण बोट त्यांनाही पाहायची होती. "येतो. पन पणजीले धक्क्यावरच बसून राहीन. तुमी भेटून या कोनाले भेटायचं ते," म्हणाले.

*

निघायच्या आधी तिघांना वर्ध्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर नाडी पाहतात, कागद पाहतात आणि मान हलवतात. बाबांना म्हणाले, "जिना चढायचा नाही." आईला म्हणाले, "उभं राहायचं नाही." मावशीला म्हणाले, "वाऱ्यात बसायचं नाही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "नेताय कुठं?"

मी म्हटलं, "बोटीवर."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मास्तर, तिथं जिना चढावा लागतो, उभं राहावं लागतं आणि वाऱ्याशिवाय दुसरं काही नसतं!"

बाबा म्हणाले, "तर मग तुमीच चाला ना सायेब. इथं कोन मरून राह्यलं तुमच्याबिगर?" डॉक्टर हसले आणि त्यांनी गोळ्यांचा कागद वाढवून दिला. बाबांची हार्टची गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ चुकवायची नाही, असं दोनदा बजावलं.

*

बाबांनी सामान म्हणून एकच वस्तू स्वतः उचलली. वीस लिटरची प्लास्टिकची कॅन, आमच्या विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरलेली! आमच्या विहिरीएवढं गोड पाणी जगात नाही, हे बाबांचं ठाम मत. आणि लेकीच्या गावात पाण्यावाचून अडायला नको, हे न बोललेलं मत.

वर्ध्याला गाडीत बसलो. टीसीनं कॅन पाहिली आणि डोळे वटारले. "रॉकेल ले जा रहे हो? गाडी में मना है!"

"चाखून पाहा," बाबा म्हणाले.

टीसीनं वास घेतला, मग घोटभर प्यायला. मग पूर्ण गिलास प्यायला. पुढच्या स्टेशनला तो दुसऱ्या टीसीला घेऊन आला. "चाचा, इनको भी पिलाओ!" बाबांची छाती अशी फुगली की मला त्यांच्या हार्टची काळजी वाटायला लागली.

*

भाऊच्या धक्क्यावर बोटीची शिडी पाहून आई मटकन खालीच बसली. गुडघे म्हणाले, आमच्यानं होत नाही. शेवटी दोन हमालांनी तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट वर उचललं. आई आधी घाबरली, मग सावरली, मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. वरून बाबांना म्हणाली, "पाहा, लग्नातबी मले कोनी असं उचललं नाई!"

बाबा खालून ओरडले, "तवा सांगायचं होतं ना! तवा उचलन्याजोगी होतीस!"

हमाल हसायला लागले आणि खुर्ची डुगडुगली. "अवो, मले आधी ठेवा, मंग हासा बाप्पा!" आई ओरडली.

*

बोट सुटली. मुंबई मागे गेली, चहूकडे पाणीच पाणी. बाबा कठड्याला धरून तासभर उभे. आयुष्य कापूस पेरण्यात आणि धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडण्यात गेलेलं. धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. त्या एका हातभर धुऱ्यापायी बाबांनी हिंगणघाटच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

मग ते मला म्हणाले, "सुधाकर, एवढी जागा अन् एकबी धुरा नाई!"

"नाही बाबा."

"मंग हे लोक भांडतेत तरी कशावरून?" बाबांना खरोखरच त्या लोकांची चिंता लागली होती.

*

दुपारनंतर बोट हलायला लागली आणि डेकवरची माणसं पटापट आडवी झाली. सगळ्यात आधी कोण? आमचा वानखेडे! शाळेत दोनशे पोरांना कवायत करवणारा गडी, तोंडाशी डबडं धरून निपचित. "मास्तर," मला म्हणतो, "माझं काई खरं नाई. माझ्या मायले सांभाळजो!"

वच्छलामावशी त्याच्या उशाशी मांडी घालून, लिंबू चोखत बसलेल्या. "अबे, कोन कोनाले सांभाळून राह्यलं? दुपारपासून तुझं डबडं मीच धुऊन राह्यली!" समुद्राच्या वाऱ्यानं त्यांचा दमा कुठल्या कुठे पळाला होता. त्या डेकभर फिरून लोकांची विचारपूस करत होत्या. आमचे तिन्ही पेशंट ठणठणीत होते.

बाबांनी कॅन उघडली. ओकणाऱ्याला चूळ भरायला पाणी दे, चूळ भरलेल्याला प्यायला दे. "पान्याले नाई म्हनायचं नसते," हे त्यांचं तत्त्व. इथं आईच्या डोळ्यांत चमक आली. ती सरकत सरकत कॅनजवळ गेली आणि जो येईल त्याला आग्रह करायला लागली. "घ्या ना भाऊ, अजून एक गिलास घ्या. संकोच नोका करू! पोराचे पाय धुवा, तोंड धुवा!" एका बाईला तर तिनं बाळाचं दुपटं खळबळून घ्यायला तांब्याभर पाणी दिलं.

मी कानात विचारलं, "आई, काऊन सांडून राह्यली?"

"चूप बैस. कॅन रिकामी झाली पायजे पणजीपर्यंत!" माय, तिचं डोकं! मी मास्तर असून मला सुचलं नव्हतं.

*

संध्याकाळी आईनं समुद्राला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाली, "आपली वर्धा नदी यालेच देल्ली ना रे? म्हंजे हा आपला जावईच झाला."

मी भूगोलाचा मास्तर. गप्प बसवतं का? म्हटलं, "नाही आई. वर्धा नदी गोदावरीतून पूर्वेकडे जाते. ती बंगालच्या समुद्राला मिळते. हा अरबी समुद्र."

"एवढ्या दूर? तिकडं कोन देल्लं तिले?"

"कोणी दिलं नाही, तीच गेली."

आईनं बाबांकडे एक तिरपी नजर टाकली. "मंग तिनंबी घरच्यांले इचारलं नसन!"

बाबांनी तोंड फिरवून कठड्याकडे केलं. त्यांचे खांदे हलत होते. रागानं हलत होते की हसण्यानं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

*

सकाळी पणजी आली. कॅनमधला शेवटचा गिलास वानखेडेच्या पोटात गेला होता. धक्क्यावर उतरल्या उतरल्या बाबा आपल्या वळकटीवर बसले आणि बोटीकडे तोंड करून राहिले. समोर दहा पावलांवर कुसुम उभी, हाताशी तीन वर्षांची मीनू, मागे जावई दामोदर. आई कुसुमकडे धावली. हो, धावली! गुडघे कुठं गेले होते देव जाणे. मायलेकी गळ्यात पडून रडायला लागल्या. बाबांनी मान वळवली नाही.

गोळीची वेळ झाली होती. बाबांनी गोळी तळहातावर घेतली, कॅन उलटी केली. एक थेंब पडला, तोही मांडीवरच्या टोपीवर. कुसुमजवळ पाण्याची बाटली होती, पण ती पुढे करायची तिची छाती होईना. आईचा डाव तिच्यावरच उलटला होता. हा माणूस कोरडी गोळी गिळेल, नाहीतर फेकून देईल, पण हट्ट सोडणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

दामोदर पुढे आला. बाबांच्या पाया पडला. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. त्यानं रिकामी कॅन उचलली, धक्क्याच्या कोपऱ्यातल्या नळावर नेली, खळबळून भरली आणि ओल्या बाह्यांनी परत आला.

"बाबा, हे सरकारी नळाचं पाणी. माझ्या घरचं नाही."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. कॅनकडे पाहिलं. गिलास भरून घेतला आणि गोळी गिळली. मग सहा वर्षांत पहिल्यांदा जावयाशी बोलले, "हा सरकारी नळ कुठपर्यंत हाय?"

"आमच्या घराजवळच्या चौकापर्यंत आहे."

बाबांनी टोपी झटकली आणि उठले!

*

कुसुमच्या अंगणात विहीर होती. कठड्यावरून वाकलं की पाणी दिसावं अशी भरलेली. तरी दामोदर सकाळ-संध्याकाळ सायकलला कॅन बांधायचा, चौकात जायचा, नळाच्या रांगेत उभा राहायचा. शेजारचे हसायचे, "अंगणात विहीर, आणि साहेब रांगेत!" तो कॅन पुढे सरकवायचा. बाबा ओसरीवरून पाहत राहायचे.

जेवायला मात्र बाबा मनापासून बसले. शपथ पाण्याची होती, जेवणाची नव्हती! वानखेडेनं विचारलंच, "काका, पन हा भात कोनत्या पान्यात शिजला?" आईनं ताटाखालून त्याला असा चिमटा काढला की त्याचा घास घशातच अडकला.

दुसऱ्या दुपारी आम्ही सगळे ढाराढूर झोपलो. अंगणात बाबा आणि मीनू तेवढे जागे होते. अर्धवट झोपेत विहिरीच्या कप्पीचा कुरकुर आवाज आला. मी कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी निघायची तयारी झाली. परतीच्या प्रवासासाठी दामोदरनं कॅन सायकलला बांधली आणि पायडलवर पाय ठेवला. बाबा पायरीवर बसले होते, मीनू त्यांच्या मांडीवर, बाबांची टोपी तिच्या डोक्यावर.

"जावईबापू!" बाबांनी हाक मारली.

कुसुमच्या हातातला डबा तसाच राहिला.

"उनाचं कशाले जाता चौकात? घरच्या विहिरीचं भरा. ते जास्त गोड हाय."

"अवो," आई म्हणाली, "पन तुमाले कसं मालूम?"

बाबांनी मीनूच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. "चाल वो मीनू," म्हणाले, "आपन कॅन धरू."