रिकामा वाफा

माझ्या ताईने आयुष्यात एकदाच एक गोष्ट न करण्याचं ठरवलं होतं. वाफ्यात घेवडा पेरायचा नाही, एवढंच.

आमच्या घरामागे एक लांबट वाफा आहे. थंडी संपता संपता त्यात मटार लागतो, आणि मटार निघाला की त्याच काठ्यांवर घेवडा चढतो. अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, हा शिरस्ता. मटाराचे वेल उपटायचे नाहीत, मातीलगत कात्रीने कापायचे. मुळं आत राहिली की जमिनीला खत मिळतं. उजव्या हाताने वेल कापायचा, डाव्या हाताच्या अंगठ्याने खुंटाशेजारी घेवड्याचा दाणा खोचायचा, पुढे सरकायचं. दोन पिकांमध्ये श्वास घेण्याइतकीही फट नाही.

ताई त्या फटीचीच वाट बघत म्हातारी होत चालली होती.

ती थोरली. आई गेली तेव्हा दादा शिकत होता, मी लहान होते, आणि घर तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "मटार निघू दे, मग बघू." मटार निघायचा तोवर घेवडा उगवलेला असायचा. माणसं थांबून थांबून कंटाळली. दादा परगावी गेला आणि तिथून फोनवर सल्ले देऊ लागला, उंटावरचा शहाणा! मी शिवणकाम शिकले, दुसऱ्या गावात दुकान टाकलं. ताई मात्र सकाळी अण्णांना अंघोळ, मग वाफा, मग स्वयंपाक, मग परत वाफा. तिचं हसणं छान आहे, पण ते बघायला मला बस पकडून यावं लागे.

यंदा मी हट्टालाच पेटले. दुकानावरची खोली रिकामी झाली होती, आणि काजं-बटणं करायला मला भरवशाचं माणूस हवं होतं. ताईची शिलाई माझ्यापेक्षा सुबक. दादालाही मी फोनवर असं झाडलं, की अण्णांना स्वतःकडे न्यायला तो मुकाट कबूल झाला. उरले अण्णा. ते म्हणाले, "उभं पीक टाकून मी घर सोडत नाही. वाफा रिकामा झाला, की म्हणाल त्या दिवशी, म्हणाल त्या तासाला निघतो."

अण्णा दिलेला शब्द मोडत नाहीत. वाईट सवयीसुद्धा मोडत नाहीत, पण ते असो.

मटार काढायच्या दिवशी मी मुद्दाम आले. ताईने घेवड्याचं बियाणं डब्यातून काढलं आणि एप्रनच्या खिशात ओतलं. "शेजारच्या बाईंना देऊन टाकते. माझ्याकडे राहिलंच नाही म्हणजे प्रश्न मिटला," म्हणाली. तिचा चेहरा तेव्हा असा उजळला होता की मला भरून आलं.

ती वेल कापत पुढे सरकत होती, मी पायरीवर शेंगा सोलत होते आणि अण्णा मागच्या दारात खुर्चीवर बसून बघत होते. ताई खोलीबद्दल विचारत होती. खिडकी कुठल्या बाजूला आहे? खाली रस्ता दिसतो का? रात्री कुणी हाक तर मारणार नाही ना?

"कुणीही नाही," मी म्हणाले.

"मग मी उशिरापर्यंत झोपेन," ती म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

काम उरकल्यावर कुंपणापाशी जाऊन तिने खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. खिसा उलटा करून पाहिला, भोक नव्हतं. डबा पाहिला, पायरी पाहिली, माझ्या सालांच्या ढिगातही पाहिलं. "सांडलं असेल कुठेतरी. म्हातारी झाले गं," म्हणून ती हसली. मीही हसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

दहाएक दिवसांनी दादा गाडी घेऊन आला. ताईची एकच पेटी होती. ती आणि अण्णांचं गाठोडं त्याने डिकीत ठेवलं. अण्णा काठी टेकत म्हणाले, "एकदा वाफा बघून येतो."

आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो. प्रत्येक वाळक्या खुंटाशेजारी माती फुटली होती आणि घेवड्याचे कोंब मान वर काढून उभे होते. रांग इतकी सरळ, की कुणाच्या हाताची हे विचारायचीही गरज नव्हती.

ताईने स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तिथेच बसला होतात," मी अण्णांवर ओरडले. "ती बोलण्याच्या नादात पेरत होती आणि तुम्ही बघत होतात!"

"बघत होतो," अण्णा शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, तिने विचार बदलला."

मूग गिळून बसले होते म्हातारबा! मला इतका संताप आला की मी खाली बसून पहिला कोंब उपटला. दुसऱ्याला हात घालणार तोच ताईने माझं मनगट धरलं.

"नको गं. त्यांचा काय दोष?"

"आणि तुझा काय दोष, ताई?"

दादाने घड्याळात पाहिलं, खाकरला, आणि डिकीतून पेटी बाहेर काढली. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखंच वाटलं असणार. अण्णा वळून खुर्चीकडे निघाले.

"खोली मला रिकामी ठेवता येणार नाही," मी म्हणाले. "कामाला दुसरी बाई घ्यावी लागेल."

"घे की. काम कशाला अडवतेस?" ती माझ्याजवळ मातीत बसली. "यंदाचं एवढं होऊ दे. घेवडा निघाला, की मग येतेच मी. अगदी नक्की."

बोलता बोलता मी उपटलेला कोंब तिने उचलला होता, खड्ड्यात परत ठेवला होता, आणि तिचा डावा अंगठा त्याच्याभोवतीची माती हलकेच दाबत होता. मी तो हात घट्ट धरला. तिने खाली पाहिलं, आणि मग आई गेली तेव्हाही रडली नव्हती तशी रडली.